स्वामी कुवलयानंद : नेती, नौली आणि दाबमापक

पावसाळ्यात आणि थंडीच्या तोंडावर कान-नाक-घशाच्या बाह्यरुग्ण विभागात एक प्रश्न हमखास येतो. गाल ठणकत असतात, कपाळ जड झालेले असते, नाक चोंदलेले असते आणि रुग्ण विचारतो, जलनेती केली तर चालेल का? शेजारच्या काकूंनी सांगितलेले असते, मोबाइलवर व्हिडिओ पाहिलेला असतो, लांब चोचीचे भांडेही घरात येऊन पडलेले असते. या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. कसले पाणी, किती मीठ, नाकात आधी काय बिघडले आहे आणि नेती नेमकी कशासाठी करायची आहे, हे सगळे विचारावे लागते. योगक्रियांना असे खोदून प्रश्न विचारण्याची वाट आपल्याकडे ज्यांनी पाडली, ते स्वामी कुवलयानंद डॉक्टर नव्हते. संस्कृतचे विद्यार्थी आणि पेशाने शिक्षक होते.

त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा, गुजरातमधल्या डभोईचा. वडील शिक्षक, घरची परिस्थिती ओढगस्तीची. शिक्षणासाठी दुसऱ्यांच्या मदतीवर अवलंबून राहावे लागले. १९०३ मध्ये मॅट्रिकला जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्ती मिळाली आणि बडोदा कॉलेजचे दार उघडले. तेव्हा त्या कॉलेजात अरविंद घोष शिकवत होते. स्वदेशीचे दिवस होते. लोकमान्य टिळकांच्या राजकारणाचा आणि अरविंदांच्या विचारांचा या तरुणावर खोल परिणाम झाला. आजन्म ब्रह्मचारी राहून समाजासाठी काम करायचे, हे त्याने लवकरच ठरवून टाकले.

बडोद्यात १९०७ ते १९१० या काळात ते राजरत्न माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायामशाळेत जात होते. तिथल्या तालमीत त्यांना देशी व्यायामपद्धतीची शिस्त मिळाली. शरीर हे अभ्यासाचे साधन आहे आणि ते मुळापासून समजून घेतले पाहिजे, ही जाण तिथे पक्की झाली असावी, कारण पुढच्या सगळ्या कामात ती दिसते. त्यानंतर ते खानदेशात अमळनेरला आले. साने गुरुजी पुढे ज्या गावात शिक्षक झाले, तेच हे अमळनेर. खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. राष्ट्रीय वळणाचे हे कॉलेज इंग्रज सरकारला खुपत होते, आणि १९२० च्या सुमारास ते बंद पडले.

या सुमारासच त्यांच्या आयुष्याला दुसरे वळण लागले होते. १९१९ मध्ये नर्मदाकाठच्या मालसर गावी त्यांची परमहंस माधवदास यांच्याशी गाठ पडली. माधवदास मूळचे बंगाली, वयाने फार वृद्ध आणि हठयोगात मुरलेले. मुंबईच्या योग इन्स्टिट्यूटचे संस्थापक श्री योगेंद्र हेही त्यांचेच शिष्य. एका गुरूच्या या दोन शिष्यांनी योग गुहेतून काढून लोकांपर्यंत आणला, पण कुवलयानंदांना त्याहून वेगळी एक खोड होती. गुरूने शिकवलेली क्रिया ते श्रद्धेने करत, आणि ती जमली की शरीरात नेमके काय घडते आहे, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देत नसे.

हठयोगाच्या ग्रंथांत षट्कर्मे सांगितली आहेत: धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली आणि कपालभाती. यांपैकी नौली म्हणजे पोट आत ओढून पोटाचे मधले सरळ स्नायू दोरखंडासारखे उभे करणे आणि फिरवणे. बस्ती करणारा साधक पाण्यात बसून नौली करतो आणि पाणी गुदमार्गातून वर चढते. पंप नाही, पिचकारी नाही, मग पाणी चढते कसे? शरीरशास्त्राच्या भाषेत याचे उत्तर तेव्हा कोणी दिलेले नव्हते. १९२०-२१ मध्ये कुवलयानंदांनी आपल्या काही विद्यार्थ्यांना घेऊन बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरण यंत्राच्या साहाय्याने उड्डियान आणि नौलीची तपासणी सुरू केली. पुढे लोणावळ्यात त्यांनी साधकाच्या मोठ्या आतड्यात रबरी नळी सरकवून तिचे दुसरे टोक दाबमापकाला जोडले. नौली सुरू होताच आतड्यातला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा खाली उतरला. म्हणजे आत अंशतः निर्वात स्थिती तयार होत होती आणि पाणी त्या ओढीने वर जात होते. या निर्वाताला त्यांनी गुरूंचे नाव दिले: माधवदास व्हॅक्यूम.

आजच्या वैद्यकीय विद्यार्थ्याला हा प्रयोग साधा वाटेल. पण १९२० च्या दशकात, सरकारी अनुदान नसताना, वैद्यकाची पदवी नसलेल्या एका संस्कृतच्या पदवीधराने तो उभा केला होता. शरीरक्रियाशास्त्राची पुस्तके वाचून, डॉक्टरांना विचारून, उपकरणे जमवून तो हे शिकत गेला, ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाही.

१९२४ च्या ऑक्टोबरात लोणावळ्याला कैवल्यधाम उभे राहिले. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक निघाले. त्याची रचना मोठी बोलकी होती. एक विभाग शास्त्रीय प्रयोगांचा, दुसरा अर्धशास्त्रीय लेखनाचा आणि तिसरा सर्वसामान्य वाचकांसाठी. मोजलेले काय, तर्काने मांडलेले काय आणि लोकांना करून पाहण्यासाठी सांगितलेले काय, यांची सरमिसळ होऊ नये याची ही काळजी होती. आज मोबाइलवर फिरणारे आरोग्याचे संदेश वाचताना ही वर्गवारी आठवून पाहावी. तिन्ही खणांतला माल एकाच पोत्यात भरलेला असतो.

आपल्याला गैरसोयीचे ठरणारे निष्कर्षही त्यांनी मांडले. प्राणायामाने शरीराला भरपूर जादा प्राणवायू मिळतो, हा समज तेव्हाही होता आणि आजही वर्गावर्गांतून सांगितला जातो. प्राणायामाच्या वेळी घेतलेल्या आणि सोडलेल्या वायूंची मोजमापे त्यांनी केली. प्राणायामाचे महत्त्व जादा प्राणवायूत नाही, असे त्यांचे मत झाले. श्वासाच्या नियंत्रणामुळे शरीराच्या पोकळ्यांत होणारे दाबाचे बदल आणि मज्जासंस्थेवर होणारा परिणाम यांकडे त्यांनी लक्ष वेधले. योगाचा प्रचार करणाऱ्या माणसाने योगाच्या बाजूचा एक लोकप्रिय दावा स्वतःच काढून घ्यावा, हे तेव्हा सोपे नव्हते. आताही नाही.

नाकाचा विषय इथेच येतो, कारण षट्कर्मांपैकी दोन कर्मे थेट नाकाशी जोडलेली आहेत. चेहऱ्याच्या हाडांत नाकाभोवती पोकळ्यांच्या चार जोड्या असतात. गालाच्या हाडात, कपाळात, दोन डोळ्यांच्या मधे आणि नाकाच्या मागे खोलवर. यांनाच आपण सायनस म्हणतो. त्यांच्या आतल्या अस्तरातून सतत पातळसर चिकट स्राव पाझरत असतो आणि त्या अस्तरावरचे सूक्ष्म रोम तो लाटेसारखा पुढे ढकलत नाकात आणून सोडतात. स्रावाची ही चादर मिनिटाला साधारण पाच-सहा मिलिमीटर सरकते. धूळ, परागकण, जंतू तिला चिकटतात आणि घशामागे उतरून पोटात जातात. गालाच्या पोकळीची रचना तर जरा विचित्रच आहे. हौदाचा नळ तळाशी असावा तर इथे तो वरच्या बाजूला आहे. उभ्या माणसात तिथला स्राव उताराने वाहून जाऊ शकत नाही, रोमांनाच तो चढावर वाहून न्यावा लागतो. सर्दीने, ॲलर्जीने किंवा धुराने अस्तर सुजले की आधीच चिंचोळे असलेले दार बंद होते, रोम थकतात, स्राव साचतो आणि घट्ट होतो. सायनसच्या दुखण्याची सुरुवात बहुतेक वेळा अशी असते.

हठयोगप्रदीपिकेतली नेती ही सूत्रनेती आहे. वीतभर लांबीचे मऊ सूत नाकातून घालून तोंडातून बाहेर काढायचे. ते डोके शुद्ध करते आणि खांद्यांच्या वरचे रोग घालवते, असा तिथला दावा. आज अनेक ठिकाणी सुताऐवजी रबराची मऊ नळी वापरतात. पाण्याने नाक धुण्याचे वर्णन घेरंडसंहितेत कपालभातीच्या प्रकारांत सापडते: व्युत्क्रम म्हणजे नाकाने पाणी घेऊन तोंडाने सोडणे, आणि शीत्क्रम म्हणजे त्याच्या उलट. चोचीच्या भांड्याने एका नाकपुडीतून पाणी सोडून दुसरीतून काढण्याची आजची जलनेती या कुळातलीच. कुवलयानंदांनी प्राणायामावरच्या आपल्या पुस्तकात कपालभातीला सविस्तर जागा दिली. तिचा मूळ उद्देश शुद्धीचा आहे आणि तिची गणना षट्कर्मांत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे हल्ली वजन उतरवण्यासाठी शेकड्यांनी मारले जाणारे झटके तिच्यापासून किती दूर गेले आहेत ते कळते.

लोणावळ्याचे नाव हळूहळू बाहेर पोचले. १९२७ मध्ये रक्तदाबाने आजारी पडलेल्या महात्मा गांधींनी प्रकृतीसाठी कुवलयानंदांचा सल्ला घेतला आणि आसनांबाबत त्यांच्याशी पत्रव्यवहार ठेवला. येल विद्यापीठात मानसशास्त्राचे संशोधन करणारे कोवूर बेहानन १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला लोणावळ्याला येऊन राहिले, स्वतः योग शिकले, आणि १९३७ मध्ये त्यांनी योगाच्या शास्त्रीय मूल्यमापनावर पुस्तक लिहिले. मुंबईत १९३२ मध्ये सांताक्रूझला शाखा निघाली. १९३६ मध्ये ती मरीन ड्राइव्हला आली आणि ईश्वरदास चुनीलाल यौगिक आरोग्य केंद्र म्हणून आजही तिथे आहे. मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणाच्या कामातही ते होते. शाळांतल्या मुलांना गटाने करता येईल असा यौगिक व्यायामाचा क्रम त्यांनी बांधून दिला. १९५० च्या सुमारास लोणावळ्यात योगाचे महाविद्यालय सुरू झाले आणि १९६० च्या दशकाच्या आरंभी रुग्णालयही.

त्यांच्या वैद्यकीय विचाराचा अर्क १९६३ च्या ‘योगिक थेरपी’ या इंग्रजी पुस्तकात आहे. डॉ. शं. ल. विनेकर यांच्यासोबत लिहिलेले हे पुस्तक केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने प्रसिद्ध केले. आसन-प्राणायामाबरोबर शुद्धिक्रियांचा विचार त्यात आहे, आणि तो साफसफाईच्या पलीकडे जातो. क्रियांमुळे त्या त्या अवयवाच्या ऊतींची जुळवून घेण्याची क्षमता वाढते आणि त्या सहजासहजी चिडत नाहीत, अशी त्यांची मांडणी होती. नाकाच्या बाबतीत ही कल्पना लावून पाहण्यासारखी आहे. ज्याला जरा धूळ गेली, उदबत्तीचा धूर लागला, वातानुकूलित खोलीत शिरले की वीस शिंका येतात, त्याचे अस्तर अतिसंवेदनशील झालेले असते. रोज सौम्य पाण्याची सवय लावून हा चिडका स्वभाव थोडा निवतो का, असा तो प्रश्न आहे. त्यांनी तो तर्क म्हणून मांडला. तो सर्वस्वी सिद्ध झाला आहे, असे आजही म्हणता येणार नाही.

१८ एप्रिल १९६६ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, स्वामी कुवलयानंदांचे निधन झाले. ‘योगमीमांसा’ अजून निघते.

नेतीची मोजणी मात्र त्यांच्यामागे बऱ्याच वर्षांनी आणि दूरच्या देशात झाली. २००२ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिनच्या डॉक्टरांनी वारंवार सायनसचा त्रास होणाऱ्या ७६ जणांवर सहा महिने अभ्यास केला. काहींनी रोज मिठाच्या पाण्याने नाक धुतले, बाकीच्यांनी नेहमीचेच उपचार चालू ठेवले. नाक धुणाऱ्यांची लक्षणे कमी झाली, प्रतिजैविके आणि नाकातले फवारे यांची गरजही घटली. २०१६ मध्ये कॉक्रेन या संस्थेने जुनाट सायनसदाहावरचे असे अभ्यास एकत्र तपासले. भरपूर पाण्याने, म्हणजे सुमारे दीडशे मिलिलिटरने रोज धुण्याचा काही फायदा दिसतो, अगदी थोड्या पाण्याच्या फवाऱ्याचा दिसत नाही, आणि एकूण पुरावा फारसा भक्कम नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. रोज नाक धुणाऱ्याला हे थोडे निराश करणारे वाटेल. कुवलयानंदांना बहुधा वाटले नसते.

एक गैरसमज इथेच काढलेला बरा. जलनेतीचे पाणी सायनसच्या पोकळीत शिरून ती धुऊन काढत नाही. ज्याची शस्त्रक्रिया झालेली नाही त्याच्या पोकळ्यांची तोंडे फार अरुंद असतात. पाणी नाक धुते, घट्ट स्राव पातळ करते, तोंडाशी साचलेला कचरा हटवते, आणि मग रोम आपले काम करू लागतात. हाच तिचा खरा उपयोग आहे. म्हणून ती प्रतिबंधाला आणि जुनाट त्रासात मदतीला चांगली, पण वाकडा पडदा तिने सरळ होत नाही, मांसाचे कोंब तिने विरघळत नाहीत, आणि वरच्या दाढेच्या मुळाशी पू असेल तर आधी दंतवैद्याकडे जावे लागते. या दाढांची मुळे गालाच्या पोकळीच्या तळाला भिडलेली असतात.

आता पाण्याबद्दल, कारण चूक इथे होते आणि ती जिवावर बेतू शकते. २०११ मध्ये अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात नळाचे पाणी नेतीच्या भांड्यात वापरणाऱ्या दोघांचा मेंदूच्या संसर्गाने मृत्यू झाला. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमिबा पाण्यातून नाकाच्या छतापर्यंत पोचला आणि वासाच्या मज्जातंतूंवरून मेंदूत गेला. हेच पाणी प्यायले असते तर काही झाले नसते. हा आजार फार दुर्मीळ आहे, पण झाला तर बहुतेक वेळा प्राणघातक ठरतो. अलीकडच्या वर्षांत केरळमध्ये अमिबामुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे रुग्ण आढळले आहेत, तेव्हा हा दूरदेशीचा प्रश्न म्हणून सोडून देण्यासारखा नाही. नेतीचे पाणी किमान एक मिनिट खळखळून उकळलेले, झाकून कोमट केलेले असावे. गाळलेले पाणी, विहिरीचे पाणी, टाकीतले पाणी, नदीचे पवित्र पाणी, यांतले काहीही तसेच वापरू नये. भांडे दर वेळी धुऊन कोरडे करावे आणि प्रत्येकाचे वेगळे असावे.

मिठाचे प्रमाणही अंदाजाने घेऊ नये. अर्ध्या लिटर पाण्यात साडेचार ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट पाऊण चमचा मीठ, आपल्या रक्तातल्या क्षाराशी जुळते. निव्वळ पाण्याने नाक झोंबते, कारण ते अस्तराच्या पेशींत शिरून त्यांना फुगवते. नेती झाल्यावर पुढे वाकून, दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून हलके उच्छ्वास सोडत पाणी काढून टाकायचे. एक नाकपुडी दाबून जोराने शिंकरले तर पाणी कानाकडे जाते, आणि नेती केली म्हणून कान फुटला अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांत बरेच जण असे शिंकरलेले असतात. कानाचा संसर्ग चालू असताना, नाकातून वारंवार रक्त येत असेल तर किंवा नाक पूर्ण बंद असताना नेती करू नये. नाकाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर ती करणाऱ्या डॉक्टरांनी सांगेपर्यंत थांबावे. पहिल्यांदा करताना जाणत्या शिक्षकाकडूनच शिकावी.

बाकीचे उपाय घरातलेच आहेत. चुलीचा, कॉइलचा आणि तंबाखूचा धूर टाळणे, उशीचे अभ्रे गरम पाण्यात धुणे, ओल आलेली भिंत दुरुस्त करून घेणे, पाणी पुरेसे पिणे, ॲलर्जीचा इलाज अर्धवट न सोडणे. वाफ मोठ्यांना आराम देते, पण लहान मुलांना उकळत्या पातेल्यावर वाकवून बसवू नये. भाजलेली मुले रुग्णालयात येतात ती अशीच. सर्दीनंतरचा सायनसचा त्रास बहुतेकांत विषाणूचा असतो आणि दहा दिवसांच्या आत उतरू लागतो. त्यासाठी पहिल्याच दिवशी औषधाच्या दुकानातून प्रतिजैविक आणून घेण्याचे कारण नाही. दहा दिवसांनंतरही तो उतरत नसेल, किंवा बरे वाटून पुन्हा ताप चढला तर डॉक्टरांना दाखवावे. डोळ्याभोवती सूज आली, एकाचे दोन दिसू लागले, डोके असह्य दुखू लागले, किंवा मधुमेही रुग्णाच्या नाकातून काळसर स्राव येऊ लागला, तर नेतीचे भांडे बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.